'पुट अप विथ': सहन करणं, खपवून घेणं की मुक्काम ठोकणं?

गोंधळलेला_गणू
मंडळी, आधी फजिती सांगतो, मग प्रश्न विचारतो.

नवी नोकरी लागलीय. स्वतःची जागा मिळेपर्यंत मावसभावाकडे उतरलोय. परदेशातल्या एका सहकारी बाईंनी मेलमध्ये सहज विचारलं, राहण्याची सोय झाली का? मी ऐटीत लिहिलं, "आय ॲम पुटिंग अप विथ माय कझिन." त्यांचं उत्तर आलं, "ओह, सॉरी टु हिअर दॅट. होप इट गेट्स बेटर सून." मला कळेना, भावाकडे राहण्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? दोन दिवसांनी शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं समजावलं की मी "मावसभावाला कसंबसं सहन करतोय" असं लिहून बसलोय.

'पुट अप' म्हणजे मुक्काम करणे, हे तर मी शाळेपासून ऐकत आलोय. मग 'विथ' लागल्यावर एकदम भाऊबंदकी कशी सुरू झाली? आणि सहन करण्यासाठी टॉलरेट, बेअर, स्टँड, एन्ड्युअर एवढे शब्द असताना हा तीन डब्यांचा शब्द नेमका कुठे वापरायचा?

तिरकस
बाई सुज्ञ दिसतात. निदान "कझिनचा पत्ता द्या, मी बोलते त्याच्याशी" असं तरी म्हणाल्या नाहीत. 😄

शब्दवेडी
गणू, तुमचं 'पुट अप' चुकीचं नव्हतं, घोळ 'विथ'नं केला. 'पुट अप ॲट ॲन इन' म्हणजे सराईत, खानावळीत मुक्काम करणं, हा जुना आणि शुद्ध वापर आहे. आता तो थोडा जुनाट वाटतो. हल्ली जास्त चालतं ते 'पुट समवन अप', म्हणजे कुणालातरी आपल्याकडे ठेवून घेणं. यात पाहुणा कर्म असतो आणि यजमान कर्ता. "माय कझिन इज पुटिंग मी अप" लिहिलं असतंत तर बाईंनी "हाऊ नाइस ऑफ हिम" असं कळवलं असतं.

तुम्ही मात्र 'मावसभावासोबत' मधलं 'सोबत' उचलून 'विथ' केलंत आणि ते नेमकं 'पुट अप'ला जाऊन चिकटलं. हे तीन शब्द एका रांगेत आले की इंग्रजी वाचणाऱ्याला मुक्काम दिसतच नाही, फक्त वैताग दिसतो. साधं "आय ॲम स्टेइंग विथ माय कझिन" पुरलं असतं.

गोंधळलेला_गणू
म्हणजे 'स्टे'ला 'विथ' चालतं आणि 'पुट अप'ला चालत नाही. हा कुठला न्याय?

तिरकस
इंग्रजीचा.

नाना_निवांत
न्याय नसला तरी इतिहास आहे. जरा लांबण लागेल, पण गणूच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे.

'पुट अप'चा एक जुना अर्थ 'ठेवून देणे, आत घालणे' असा आहे. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये येशू पीटरला म्हणतो, "पुट अप दाय स्वोर्ड इन्टू द शीथ." तलवार म्यान कर. आता विचार करा. कुणी अपमान केला, हात मुठीवर गेला, पण तलवार उपसली नाही, किंवा उपसलेली परत म्यान केली. म्हणजे काय केलं? तो अपमान पोटात घातला. शेक्सपिअरच्या काळात 'पुट अप' एवढंच म्हणून हा अर्थ निघत असे, 'विथ' लागत नसे. ऑथेल्लो नाटकातला रॉडरिगो, ज्याला इयागो यथेच्छ लुबाडतो, तो शेवटी भडकतो आणि म्हणतो की मूर्खासारखं जे सोसलं ते आता निमूटपणे 'पुट अप' करायला मी तयार नाही.

'विथ' मागाहून चिकटलं. १७५५ साली डॉ. जॉन्सनचा प्रसिद्ध कोश आला. त्याच्या प्रस्तावनेत त्यानं कबूलच केलंय की क्रियापदाला शेपूट जोडून अर्थ बदलायची ही तऱ्हा परकीयांना सगळ्यात जास्त छळते. म्हणजे गणू, तुमची फजिती पावणेतीनशे वर्षांपूर्वीच गृहीत धरलेली होती. गंमत म्हणजे या शेपटांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव फार उशिरा मिळालं. लोगन पिअरसॉल स्मिथच्या १९२५ च्या पुस्तकामुळे ते रुळलं. त्यानं श्रेय दिलं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना.

तलवार म्यानात जाण्यावरूनच हा अर्थ आला, असं मी शपथेवर सांगणार नाही. 'ठेवून देणे, खिशात घालणे' या सर्वसाधारण अर्थावरूनही तो आला असेल. पण लक्षात ठेवायला म्यान बरं पडतं.

शब्दवेडी
नाना, क्या बात! आपल्याकडे 'तलवार म्यान करणे' आणि 'पोटात घालणे' दोन्ही आहेत, पण एकातून दुसरं निघालेलं नाही. आपण गोष्टी पोटात घालतो, गिळतो, पचवतो. आपला सगळा सोशिकपणा जठरात!

मधली_सुट्टी
नाना, मला इतिहास आवडला, पण माझी अडचण व्याकरणाची आहे. 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' दोन्ही चालतात. मग 'पुट द नॉइज अप विथ' का चालत नाही?

पेन्सिल
चालत नाही, कारण इथे कर्म 'विथ'चं आहे, 'पुट'चं नाही. 'पुट-अप-विथ' हा एकसंध ठोकळा समजा, मध्ये सुईसुद्धा शिरकवायची नाही. आवाज, माणूस, उशीर, जे काय सोसायचं ते 'विथ'नंतर. मुक्कामाचा 'पुट मी अप' मात्र फोडता येतो. गणूच्या बाबतीत हीच ओळखीची खूण आहे: माणूस मध्ये असेल तर त्याला आसरा दिलाय, शेवटी असेल तर त्याला सहन केलंय.

आणखी तीन ठिकाणी लोक अडखळतात.

'विथ'नंतर क्रियापद आलं तर ते 'आयएनजी' लावूनच येतं. "आय वोन्ट पुट अप विथ बीइंग शाउटेड ॲट" म्हणायचं. 'पुट अप विथ टु बी' म्हटलंत की संपलं.

भूतकाळात 'पुट' 'पुट'च राहतो. 'पुटेड' नावाचा प्राणी मी विद्यार्थ्यांच्या वह्यांत पुष्कळदा पाहिलाय, बाहेर कधी नाही.

तिसरी अडचण शेवटच्या 'विथ'ची. "द नॉइज आय हॅव टु पुट अप विथ" यात वाक्य 'विथ'वर संपतं. मराठी माणसाला ते लटकलेलं वाटतं आणि तो 'विथ' गाळतो. गाळू नका. "द टेंट आय हॅव टु पुट अप" म्हणजे जो तंबू मला ठोकायचाय तो. तसं "द नॉइज आय हॅव टु पुट अप" म्हटलंत तर आवाज ठोकायला निघालात.

आणि बोलताना जोर 'अप'वर असतो. 'पुट' आणि 'विथ' पटकन उरकायचे.

तिरकस
वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय नको म्हणणाऱ्यांना चर्चिलनं "अप विथ विच आय विल नॉट पुट" असं हाणलं होतं ना?

नाना_निवांत
तिरकसराव, तो किस्सा चर्चिलच्या नावावर खपवलेला आहे. १९४२ साली हाच विनोद एका सरकारी खात्यातल्या अनामिक माणसाच्या नावानं छापलेला सापडतो, चर्चिलचा तिथे पत्ताच नाही. चर्चिल पुढे त्याला चिकटला. चांगलं वाक्य अनामिकाचं राहिलेलं लोकांना बघवत नाही.

विनोद मात्र अस्सल आहे, कारण पेन्सिल म्हणतात तो ठोकळा त्यात मुद्दाम फोडलाय. शेवटी अव्यय नको हा दंडक मुळात लॅटिनच्या कौतुकातून आला. १६७२ साली ड्रायडन या कवीनं नाटककार बेन जॉन्सनच्या (कोशवाला डॉ. जॉन्सन वेगळा) लेखनात हा दोष काढला आणि शाळामास्तरांच्या हाती छडी दिली. पण 'पुट अप विथ'सारख्या शब्दापुढे ती छडी मोडते.

गोंधळलेला_गणू
बरं, पण टॉलरेट, बेअर, स्टँड यांचं काय? कोशात सगळ्यांपुढे 'सहन करणे' एवढंच लिहिलंय.

शब्दवेडी
या प्रश्नावर मी रात्रभर बोलू शकते. थोडक्यात आवरायचा प्रयत्न करते. (जमणार नाही.)

कोश 'सहन करणे' म्हणून मोकळा होतो आणि तिथेच आपली गाडी रुळावरून घसरते. मराठीत आपण एक भेद रोज करतो: सहन होत नाही आणि सहन करणार नाही. पहिल्यात माझं काही चालत नाही, जीवच तयार होत नाही. दुसऱ्यात माझा निर्णय आहे. "हा आवाज मला सहन होत नाही" म्हणजे "आय कान्ट स्टँड धिस नॉइज". "हा आवाज मी सहन करणार नाही" म्हणजे "आय वोन्ट पुट अप विथ धिस नॉइज". पहिलं ऐकून समोरचा खिडकी लावेल. दुसरं ऐकून तो विचारेल, मग काय करणार आहेस?

म्हणून 'पुट अप विथ'ला सगळ्यात जवळचा मराठी शब्द मला 'खपवून घेणे' वाटतो. चीड आहे, अधिकार किंवा निदान निवड आहे, आणि तरीही काही कारणानं आपण गप्प आहोत. तिन्ही गोष्टी लागतात. एक जरी नसेल तर दुसरा शब्द शोधावा.

मधली_सुट्टी
पण "पाऊस खपवून घेतला" असं कुठे म्हणतो? "वी हॅड टु पुट अप विथ द रेन" मात्र मी वाचलंय.

शब्दवेडी
बरोबर पकडलंत. तिथे माझा शब्द कोसळतो. पावसाला आपण 'खपवून घेणार नाही' अशी धमकी देऊ शकत नाही. मराठीत 'खपवून घेणे' माणसांच्या वागण्यापुरतं आहे, इंग्रजीचं हवामान, खाट, जेवण, सगळ्याला चालतं. निर्जीव गैरसोयीसाठी आपल्याकडे 'चालवून घेणे' आहे: खुर्ची डुगडुगते, पण चालवून घेतोय. त्यात चीड कमी आणि समजूत जास्त. इंग्रजीत त्याच्या जवळ 'मेक डू विथ' येईल.

निवड असण्याचा मुद्दा पावसात जरा पातळ होतो, मान्य. चीड मात्र तिथेही असते.

उंटावरचा
मी भाषांतर करतो, म्हणून एक धोक्याची सूचना. मोठ्या दुःखाला हा शब्द लावू नका. "शी पुट अप विथ हर सन्स डेथ" असं एका नवशिक्या भाषांतरात वाचून माझ्या अंगावर काटा आला. मूळ मराठीत होतं 'तिनं मुलाचा मृत्यू सोसला'. 'सोसणे'मध्ये मान आहे. सोसणाऱ्या माणसाकडे आपण वर पाहतो. 'पुट अप विथ'मध्ये मान नाही, कुरकुर आहे. मुलाच्या मृत्यूची कुरकुर करत नाहीत. तिथे 'बेअर' किंवा 'एन्ड्युअर' हवं, किंवा वाक्यच वेगळं बांधावं.

उलट बाजूनं, 'टॉलरेट'मध्ये कुरकुर असायलाच हवी असं नाही. डॉक्टर लिहितात, "द पेशंट टॉलरेटेड द ड्रग वेल", म्हणजे औषध मानवलं. तिथे 'पुट अप विथ' घातलंत तर रुग्ण औषधाशी भांडतोय असं वाटेल. परमतसहिष्णुता, धार्मिक सहिष्णुता ही 'टॉलरन्स'ची मोठी घरं. 'पुट अप विथ' तिथे फिरकत नाही, कारण ते तत्त्वाचं नाव नाही, रोजच्या कटकटीचं आहे.

पेन्सिल
उंटावरचा, +१. 'एन्ड्युअर'मध्ये काळ लांबलेला असतो, बर्फातली पायपीट, तुरुंगवास वगैरे. कंटाळवाण्या भाषणाला कुणी 'एन्ड्युअर' लावलं तर तो विनोद करतोय असं समजावं.

नवखी_नीरजा
एक भाबडा प्रश्न. आमच्या कार्यालयात संगणक दुरुस्तीच्या वेळी पाटी लावायची होती. मी लिहिलं, "प्लीज पुट अप विथ अस." साहेबांनी 'पुट अप' खोडून 'बेअर' केलं. दोन्ही सहनच करणं ना?

शब्दवेडी
नीरजा, साहेबांनी अब्रू वाचवली. 'बेअर विथ अस' म्हणजे जरा धीर धरा, सांभाळून घ्या. कार्यक्रमाच्या सुरुवातीला आपण "काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या" म्हणतो ना, अगदी ते. त्यात समोरच्याच्या चांगुलपणाला हाक आहे. 'पुट अप विथ अस' म्हणजे आम्ही आहोत त्रासदायक, आता भोगा.

पण काम संपल्यावर आभार मानताना तोच शब्द गोड होतो. "थँक्स फॉर पुटिंग अप विथ मी." मी तुम्हाला किती पिडलं याची मला कल्पना आहे, असा त्याचा सूर. पुस्तकांच्या ऋणनिर्देशात नवऱ्याबायकोसाठी हे वाक्य हमखास सापडतं. नियमच करा: स्वतःकडे बोट असेल तर नम्रता, दुसऱ्याकडे असेल तर अपमान. "आय पुट अप विथ यू" हे कुणाच्या तोंडावर म्हणायचं असेल तर आधी दाराची कडी कुठे आहे ते बघून ठेवावं.

तिरकस
"आय डोन्ट नो हाऊ शी पुट्स अप विथ हिम" याचं मराठी मात्र कोशात नाही. आमच्या आईच्या तोंडी आहे: "मी म्हणून टिकले!"

शब्दवेडी
😂 हे मी वहीत लिहून घेतलंय. खरंच, 'मी म्हणून' या दोन शब्दांत अख्खं 'पुट अप विथ' आहे. "मी म्हणून ऐकून घेतलं, दुसरी कुणी असती तर…" चीड, निवड, गप्प बसणं, तिन्ही हजर! फक्त बोलणारी गप्प बसलेली नाही एवढंच.

उंटावरचा
आणि 'ऐकून घेतलं' मधल्या 'घेतलं'कडे लक्ष गेलं का? ऐकलं आणि ऐकून घेतलं यात फरक आहे. 'घेणे' जोडलं की बोलणी आपल्या अंगावर येतात. खपवून घेणे, चालवून घेणे, सांभाळून घेणे, जुळवून घेणे, सगळीकडे हेच शेपूट. डॉ. जॉन्सन परकीयांची कीव करतो, पण मराठी शिकणाऱ्याला विचारा. गणूनं पहिल्याच पोस्टीत "लिहून बसलोय" म्हटलंय. कोणत्या कोशात 'बसणे' म्हणजे पश्चात्ताप होण्यासारखं काही करणे असं सापडेल त्या बिचाऱ्याला? 'लिहून टाकलं', 'लिहून ठेवलं', 'लिहून दिलं', 'लिहून पाहिलं', दर वेळी लिहिणं तेच आणि भानगड वेगळी. इंग्रज पुढे 'अप', 'ऑफ', 'आउट' लावतो, आपण मागून दुसरं क्रियापद आणून बसवतो. यंत्र वेगळं, पण खोडी तीच.

मधली_सुट्टी
हे कधी डोक्यातच आलं नव्हतं! मग 'पुट अप ऑर शट अप' म्हणजे 'सहन कर नाहीतर गप्प बस' असंच ना?

पेन्सिल
तर्क छान आहे, पण मुळात तसं नाही. तिथला 'पुट अप' पैजेचा आहे. पैसे लाव, नाहीतर तोंड बंद ठेव. पैज लावायला बोलावणारी भाषा. बोलतोस ते करून दाखव, असा आजचा अर्थ. तरी तुमच्यासारखाच अर्थ लावणारे इंग्रजी भाषकही आहेत, त्यामुळे वाचताना संदर्भ बघा. 'विथ' नसेल तर सोसण्याचा अर्थ लावायची घाई करू नये.

त्याच कुळातले आणखी दोन: 'पुट समवन अप टु समथिंग' म्हणजे फूस लावणं, आणि 'पुट-अप जॉब' म्हणजे आधीच संगनमत करून रचलेला बनाव. किंमत वाढवणं, भिंतीवर चित्र लावणं, विकायला काढणं, हे सगळे 'पुट अप' वेगळेच. त्यांची यादी करत बसलो तर वाचणाऱ्यांनाच हा धागा 'पुट अप विथ' करावा लागेल.

नाना_निवांत
गणू, तुम्ही गप्प झालात. बाईंना खुलासा पाठवलात की नाही?

गोंधळलेला_गणू
पाठवला. आधी हा सगळा धागा मावसभावाला वाचून दाखवला, म्हटलं त्याच्या कानावर दुसरीकडून जायला नको. तो पाच मिनिटं हसला. मग म्हणाला, "वाक्य बरोबरच होतं रे, फक्त कर्ता आणि कर्म उलटं झालंय." आणि माझा लॅपटॉप ओढून त्यानंच खुलासा लिहून टाकला:

"माय कझिन इज पुटिंग मी अप, ॲण्ड पुटिंग अप विथ मी."

बाईंचं उत्तर आलं: "दॅट साउंड्स मोअर लाइकली."